काचेवरचा तपकिरी थर असा आटोक्यात आला

माझ्या समुद्री मत्स्यटाकीची काच पुसली की दोन-तीन दिवसांत पुन्हा तपकिरी थर. हे डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवाल. त्यांचं कवचच सिलिकाचं, आणि आमच्या बोअरचं पाणी बेसाल्टमधून झिरपून येतं, म्हणजे सिलिकेट (पाण्यात विरघळलेली सिलिका) फुकटात! पाणी बदलणं म्हणजे त्यांना नवा खुराकच. शेवटी आरओ लावला, त्यामागे डीआय रेझिनही (पाण्यातले उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे), कारण आरओमधून थोडं सिलिकेट निसटतंच.

शैवालाचा दुसरा खुराक म्हणजे फॉस्फेट; ते मात्र मुख्यतः माशांच्या खाद्यातून यायचं. गोठवलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) आता जुन्या चहाच्या गाळणीत धुऊन मगच टाकतो. (गाळणी वेगळी ठेवलीय, घरच्यांनी काळजी करू नये.) फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे ठेवले, पण बेतानेच. समुद्री टाकीत फॉस्फेट पार शून्यावर नेलं तर प्रवाळांची उपासमार होते. मी ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) दरम्यान ठेवतो. उरलासुरला थर गोगलगाई संपवतात.