बादली, गच्ची आणि खाडी: लहान मुलांना खेळता खेळता विज्ञान कसं शिकवावं

चार ते सात वर्षांच्या मुलाला विज्ञानाची गोडी लावायला ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये असतं तेवढं सामान पुरतं. पथ्य एकच: आधी मुलाचा अंदाज, मग करून बघणं, आणि तुमचं उत्तर सगळ्यात शेवटी.

पायरी १. बाथरूममध्ये बादली अर्धी भरा. स्टीलचा चमचा, स्टीलची वाटी आणि एक संत्रं घ्या. वस्तू पाण्यात सोडण्याआधी दर वेळी विचारा, "बुडेल की तरंगेल?" चमचा तळाला जातो, वाटी तरंगते. दोन्ही स्टीलच्याच, मग असं का? इथे अजिबात घाई करू नका. रिकामी वाटी मुलाला तळहाताने हळूच खाली दाबायला सांगा. पाणी तिला वर ढकलतंय, हे तळव्याला कळतं. वाटी जितकं पाणी बाजूला सारते, तितका पाण्याचा रेटा तिला उचलून धरतो. आता आत एकेक नाणं टाकू द्या. वाटी खाली खाली जाते, पाणी काठाशी येतं आणि एका नाण्याला डुबुक!

मग संत्रं. सालीसकट तरंगतं, पण सोललेली फोड बुडते. नुसती साल टाकून बघा, ती तरंगते. तिच्यातल्या पांढऱ्या मऊ थरात हवा असते.

मूल बादलीपाशी एकटं सोडू नका आणि खेळ संपताच पाणी ओतून टाका.

पायरी २. सोसायटीच्या गच्चीवर सकाळी नऊला एक बाटली उभी करा, सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. दुपारी आणि चारला पुन्हा. ठाण्यात मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली बुंध्याशीच गोळा होते. जुलैअखेरीसही तसंच होतं, पण तेव्हा ढग असतात. सूर्याकडे बघायचं नाही, हे आधीच बजावा.

पायरी ३. हिवाळ्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीतले फ्लेमिंगो दाखवा. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून चौकशी करूनच निघा. विचारा, "हे गुलाबी कशाने झाले?" मुलांची उत्तरं भन्नाट असतात, सगळी ऐकून घ्या. फ्लेमिंगोंची पिल्लं राखाडी असतात. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यातला रंग पिसांत उतरतो. दुर्बीण नेणार असाल तर आदल्या दिवशी खिडकीतून समोरच्या इमारतीवर रोखायचा सराव करून घ्या, नाहीतर बोटीतला निम्मा वेळ डोळा लावण्यातच जातो.