घरून तासाच्या दराने काम करताना: वेळेच्या नोंदीचा माझा अनुभव

तासाच्या दराने भाषांतराची कामे घेऊ लागलो, तेव्हा वेळेची नोंद ही मला अगदी किरकोळ बाब वाटत होती. पहिल्याच मोठ्या बिलात त्यापायी माझे ९,६०० रुपये बुडाले आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

नोंदीसाठी नोटपॅड पुरेसे आहे. कोऱ्या फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘लॉग’ लिहावे आणि फाइल जतन करावी. पुढे ती उघडताच शेवटी तारीख व वेळ आपोआप उमटते. एरवी एफ-५ ही कळ तेच काम करते. एक्सेलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविरामाची कळ एकत्र दाबली की त्या क्षणाची वेळ चौकटीत बसते.

माझी चूक झाली ती बेरजेत. एक्सेल वेळ हा दिवसाचा अंश म्हणून साठवते. सहा तास म्हणजे ०.२५. बेरीज २४ तासांपुढे गेली की वेळेच्या नेहमीच्या मांडणीत पूर्ण दिवस गळतो आणि फक्त वरचे तास दिसतात. माझे काम ३८ तास ३० मिनिटांचे होते, पण पडद्यावर १४:३० दिसले. चार-पाच दिवसांच्या कामाला तो आकडा अशक्य वाटला नाही, म्हणून मी तो कॅल्क्युलेटरवर ४०० या तासाच्या दराने गुणला आणि १५,४०० ऐवजी ५,८०० रुपयांचे बिल पाठवले. चूक लक्षात येईपर्यंत ग्राहकाने हिशेब बंद केला होता. बरे, तीच चौकट एक्सेलमध्येच ४०० ने गुणली असती, तर ६४१ रुपये ६७ पैसे आले असते, कारण आत तास नसून दिवस असतात. म्हणून दराआधी २४ ने गुणावेच लागते. बेरजेच्या चौकटीला ‘फॉरमॅट सेल्स’मधल्या ‘कस्टम’मधून असे स्वरूप द्यावे, ज्यात तासांचा ‘एच’ चौकटी कंसात असतो, म्हणजे [h]:mm. मग ३८:३० नीट दिसते.

आपल्याकडे साडेनऊ ९.३० असे लिहितात, पण एक्सेलला ती साधी दशांश संख्या वाटते. ९.३० ते ११.१५ यांची वजाबाकी १.८५ येते, प्रत्यक्षात काम पावणेदोन तासांचे असते. टिंबाऐवजी कोलनच द्यावा.

‘रात्री अंदाजाने तास लिहून टाक’ हा सल्ला मला एका अनुभवी भाषांतरकाराने दिला होता. तो मुळीच मानू नका. अंदाजात मधले फोन आणि जेवण हटकून कामात मिसळतात. स्वयंचलित अ‍ॅपवरही माझा फारसा भरवसा नाही, कारण पडद्यावर कोणती खिडकी उघडी आहे एवढेच ते पाहते आणि टेबलावरच्या शब्दकोशात गेलेली वीस मिनिटे त्याच्या हिशेबी रिकामी ठरतात.

सुरुवातीला नोंद करायची विसरली, तर घाबरू नका. मलाही सवय लागायला तीन आठवडे लागले. अजूनही बिल पाठवण्यापूर्वी मी एका दिवसाचे तास कागदावर मोजतो आणि एक्सेलच्या आकड्याशी ताडून पाहतो.