शेतरस्ता रुंद आणि पक्का करताना या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली आणि कपाशीची वावरे नांगरून पडली, की खानदेशातल्या बहुतेक गावांत शेतरस्त्याचा विषय निघतो. मागच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर कुठे रुतला होता, रावेर-यावलकडे ऐन कापणीच्या वेळी केळीचे घड मजुरांना डोक्यावर किती लांब वाहून आणावे लागले, हे सगळ्यांच्या लक्षात असते. त्यामुळे चार शेतकरी वर्गणी काढतात, जेसीबी बोलावतात आणि मृगाच्या आत मुरूम टाकून मोकळे व्हायचे ठरवतात. पहिल्या दिवशी काम जोरात चालते. दुसऱ्या दिवशी कडेच्या गटाचा मालक येऊन उभा राहतो, तिसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाचे तोंडी किंवा लेखी फर्मान येते आणि टाकलेला मुरूम पावसात वाहून जातो. यात रस्त्याची गरज कोणी नाकारत नाही. रस्ता कायद्याने नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवण्याआधी काम सुरू झालेले असते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका घाईत आहे.

गावनकाशा न पाहता वहिवाटीवर विसंबणे

"आमच्या आजोबांपासून इथूनच गाडी जाते" हे वाक्य खरे असते, पण त्यावरून रस्त्याचा दर्जा ठरत नाही. भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गावनकाशाची प्रत आधी काढावी. त्यावर तुटक दुहेरी रेषांनी दाखवलेला मार्ग हा गाडीमार्ग असतो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, ज्याची रुंदी सव्वाआठ फूट मानतात. यांतले साडेसोळा व सव्वाआठ हे आकडे जुन्या तेहेतीस फुटी साखळीच्या अर्ध्या व पाव हिश्शातून आलेले आहेत, म्हणून ते असे अपूर्णांकी दिसतात. एकत्रीकरण योजनेत ज्या गावांचे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथे जुना नकाशा व नवा नकाशा दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात, कारण जुन्या नकाशातली वाट नव्या गटाच्या पोटात गेलेली असू शकते. रस्ता दोन गावांच्या शिवेवरून जात असेल, तर दोन्ही गावांचे नकाशे लागतात. शीव तालुक्याचीही असेल, तर दोन तहसील कार्यालयांशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्याचा वेळ आधीच गृहीत धरावा.

नकाशावर गाडीमार्ग असेल, तर तुम्हांला नवा रस्ता मागायचाच नसतो. मोजणी करून हद्दी कायम करणे आणि अतिक्रमण काढणे, एवढेच काम उरते. तरीही अनेक जण अशा ठिकाणी "रस्ता मिळावा" असा अर्ज देतात आणि आपणच आपल्या सार्वजनिक रस्त्याला नव्या मागणीच्या पातळीवर आणून ठेवतात. मोजणीचा अर्ज शक्यतो पीक नसताना द्यावा. कपाशीत हे जमते. केळीच्या पट्ट्यात मात्र शेत वर्ष-दीड वर्ष रिकामे होत नाही, म्हणून तिथे लागवडीच्या आधीच शेजाऱ्याशी बोलून तारीख ठरवावी लागते.

चुकीच्या कायद्याखाली अर्ज देणे

माझ्या पाहण्यातल्या सर्वांत जास्त फायली इथे अडकतात, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

दोन कायदे आहेत आणि दोन्हींत अर्ज तहसीलदारांकडेच जातो, त्यामुळे गोंधळ होतो. मुळात वाट नाही आणि ती हवी आहे, अशी स्थिती असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ लागते. वाट आहे, ती वापरात होती आणि कोणीतरी ती नांगरली, त्यात काटेरी कुंपण घातले किंवा चर खोदला, अशी स्थिती असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागते. या दुसऱ्या कायद्यात अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. खानदेशात साधारण असे होते, की जून-जुलैत वाट अडवली जाते, गावातली मंडळी "पीक निघू द्या, मग बसून मिटवू" असे सांगतात, आणि कपाशीची शेवटची वेचणी होईपर्यंत सहा महिने उलटून जातात. समेटाची बोलणी जरूर करावीत, परंतु मुदत संपण्याआधी दावा दाखल करून मगच बैठकीला बसावे.

कलम १४३ च्या अर्जात आणखी एक चूक वारंवार दिसते. हे कलम शेतांच्या सीमांवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याच्या हक्काबद्दल आहे. अर्जदार मात्र आपल्या विहिरीपर्यंत सरळ जाणारी, दुसऱ्याच्या वावराच्या मधून तिरपी कापणारी वाट मागतो, कारण ती जवळची असते. असा अर्ज फेटाळला गेला, तर त्यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. तहसीलदारांनी शेतकऱ्याची वाजवी गरज पाहावी, असे कलमातच लिहिले आहे. वाजवी म्हणजे सर्वांत सोयीची असे नव्हे. दोन्ही बाजूंच्या शेतांतून सारखी पट्टी घेऊन बांधावरून जाणारा मार्ग मागितला, तर शेजाऱ्याचे नुकसान कमी होते आणि आदेश टिकण्याची शक्यता वाढते.

अर्जासोबत आपला सातबारा, ज्या-ज्या गटांच्या बांधांवरून रस्ता जाणार त्या सर्वांचे सातबारे आणि हाताने काढलेला का होईना पण दिशा व गट क्रमांक दाखवणारा कच्चा नकाशा जोडावा. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक सहहिस्सेदाराला पक्षकार करावे. पुण्या-सुरतेला नोकरीस गेलेल्या एका भावाचे नाव वगळले, एवढ्याच कारणाने आदेश रद्द होऊन सगळी चौकशी पुन्हा सुरू झाल्याचे मी पाहिले आहे. स्थळपाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि पंचनाम्यात काय लिहिले गेले, ते वाचूनच सही करावी.

कलम १४३ खालचा आदेश विरोधात गेल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते, किंवा एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. दिवाणी दावा लावला, की तहसीलदारांच्या त्या निर्णयावर अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही, हे अनेकांना वेळ निघून गेल्यावर कळते. वीस वर्षांहून अधिक काळ उघडपणे व बिनतक्रार वापरलेल्या वाटेचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे दिवाणी न्यायालयात सांगता येतो. पण तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि त्यात वर्षे जातात.

"शेतीसाठीच" या शब्दाकडे दुर्लक्ष करणे

बांधकामाला नगररचनेची परवानगी लागते, तशी शेतरस्त्यालाही लागते का, हा प्रश्न जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांलगतच्या गावांत नेहमी विचारला जातो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये ज्या कामांना विकास परवानगी लागत नाही, त्यांत केवळ शेतीच्या प्रयोजनासाठी जमिनीपर्यंत जाण्याकरिता केलेला रस्ता आहे. यातला "केवळ" हा शब्द जड आहे. त्याच रस्त्याने पुढे वीटभट्टी, ढाबा, गोदाम किंवा पाडलेले प्लॉट गाठायचे असतील, तर ही सूट सांगता येत नाही, आणि शेतीच्या नावाने मिळवलेली शेजाऱ्यांची संमतीही वादात सापडते. माझे स्पष्ट मत आहे, की पुढे बिगरशेतीचा विचार असेल तर तो आजच उघड सांगून त्याची वेगळी परवानगी घ्यावी. शेजाऱ्याने केळीच्या गाडीसाठी बांध सोडलेला असतो. त्यावरून डंपर धावू लागले, तर त्याने पुन्हा बांध घातल्याबद्दल त्याला दोष देणे कठीण आहे.

रस्ता जिथे डांबरी मार्गाला मिळतो, तिथेही परवानगी असते. जिल्हा परिषदेच्या, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आणि राष्ट्रीय महामार्गाच्या रस्त्यांचे अधिकारी वेगवेगळे आहेत. जुन्या सहा क्रमांकाच्या, म्हणजे आताच्या ५३ क्रमांकाच्या, महामार्गाला शेतरस्ता परस्पर जोडून दुभाजकाजवळ ट्रॅक्टर वळवणे हा जिवाशी खेळ आहे.

संमती तोंडी ठेवणे किंवा नुसती नोटरी करणे

स्टँपपेपरवर नोटरी केलेले संमतीपत्र हा चांगुलपणाचा पुरावा आहे, कायम हक्काचा नव्हे. जमिनीवरचा कायमचा हक्क द्यायचा असेल, तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. रस्त्यासाठी जमिनीची पट्टीच विकत घ्यायची असल्यास तुकडेबंदी कायदा (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीवर बंधन घालणारा) आड येतो. शेतरस्त्यासाठी काही गुंठे घेण्याची वाट जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने उघडते, म्हणून इसार देण्याआधी ती परवानगी मागावी. नंदुरबार जिल्ह्यात आणि शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांच्या सातपुडा पायथ्याशी जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ व ३६-अ यांचे निर्बंध लागतात. बिगरआदिवासीने तिथे घरगुती कागद करून रस्ता घेणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ज्याच्याकडे आधीच थोडी जमीन आहे त्याची ती आणखी कमी करणे आहे.

मुरूम, झाडे, कालवा आणि वन

नाल्यातून किंवा गायरानातून मुरूम उचलण्यापूर्वी तहसीलदारांची परवानगी व वाहतूक पास घ्यावा. विनापरवाना गौण खनिजावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही अडकते. रुंदीकरणात येणारे आंबा, चिंच, मोह, जांभूळ किंवा अंजन यांसारखे झाड स्वतःच्या बांधावरचे असले, तरी ते तोडण्यास परवानगी लागते. शक्य असेल तिथे रस्ता हातभर वळवून झाड राखावे.

हतनूरच्या उजव्या कालव्यासारख्या कालव्यांच्या कडेने जाणारा रस्ता जलसंपदा विभागाचा असतो. त्यावरून वर्षानुवर्षे बैलगाडी गेली म्हणून तो शेतरस्ता होत नाही, आणि चारी (कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा पाट) बुजवून रुंदी वाढवली तर शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते.

वनजमिनीत मात्र एक फावडेसुद्धा परवानगीवाचून मारू नये. १९८० च्या वन कायद्यानुसार वनेतर कामास केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी, त्यांत रस्त्यासाठीही, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करण्याची तरतूद आहे. त्यासाठी हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडावी लागता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ही तरतूद गावाच्या सोयीची आहे, एका बागायतदाराच्या सोयीची नाही, हे ग्रामसभेत ठराव मांडताना लक्षात ठेवावे.

योजनेची आणि मातीची गृहीतके

११ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने सुरू झालेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना रोजगार हमीशी जोडलेली आहे. तिथे मजुरी व साहित्य यांचे ६०:४० हे प्रमाण सांभाळावे लागते, म्हणून केवळ यंत्राने खडी टाकण्याचे अंदाजपत्रक नेले तर ते परत येते. आधी काम करून मग योजनेत बसवू, हेही चालत नाही.

काळ्या मातीवर थेट मुरूम पसरणे ही दरवर्षी पैसे बुडवणारी चूक आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते; वरचा थर काढून, मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबला आणि मध्यभाग किंचित उंच ठेवला, तरच रस्ता टिकतो. दोन्ही कडांना चर हवा आणि चराचे पाणी नाल्यात उतरले पाहिजे. ते शेजाऱ्याच्या वावरात सोडले, तर मिळालेली संमती त्याच पावसाळ्यात संपते. रस्त्याखालून जाणाऱ्या ठिबकच्या मुख्य नळ्या व नदीवरून आलेल्या पाइपलाइनी काम सुरू होण्यापूर्वी मोठ्या व्यासाच्या पाइपातून ओढून घ्याव्यात.

आदेश मिळाला म्हणजे काम झाले, असे समजणे

आमच्या वडिलांना कलम १४३ खाली रस्ता मिळाला होता. आदेश पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला गेला, पण त्याची नोंद कोणत्याच सातबाऱ्यावर झाली नाही. शेजारच्या काकांनी पुढे जमीन विकली आणि नव्या मालकाने सातबारा दाखवून विचारले, यात रस्ता कुठे आहे? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो वाद मिटायला आम्हांला दोन हंगाम लागले आणि त्या काळात केळी बांधावरून डोक्यावर आणावी लागली.

२२ मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात घ्यावी, असे सांगितले आहे. आदेशाची प्रमाणित प्रत मिळताच तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफारासाठी लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. फेरफार मंजूर झाल्यावर ज्या गटांतून रस्ता जातो, त्या प्रत्येक गटाचा नवा सातबारा काढून रस्त्याची लांबी, रुंदी आणि दिशा बरोबर आली आहे का, ते पाहावे. मधल्या काळात एखाद्या गटाची वाटणी होऊन पोटहिस्से पडले असतील, तर नोंद त्या प्रत्येक पोटहिश्शावर उतरली पाहिजे; एका भावाच्या सातबाऱ्यावर रस्ता आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कोरा रकाना, अशी स्थिती आढळली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.