पहिली एअर रायफल घेताना या चुका टाळा

2024 साली पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून नागपुरातही उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना नेमबाजी शिकवण्याची पालकांची हौस वाढली आहे आणि ते चांगलेच आहे. वैताग येतो तो त्यांच्या पहिल्या प्रश्नाचा. "सर, रायफल कोणती घ्यावी?" असे विचारले जाते, आणि थोडे खोदून विचारले की कळते, ती घेऊन झालेली आहे, आता फक्त मान डोलावणारे कोणी तरी हवे आहे. कुसाळे यांचे पदक 50 मीटर थ्री पोझिशनमधले (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन पवित्र्यांचे), म्हणजे परवाना लागणाऱ्या .22 बोअरच्या रायफलचे आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. नवशिक्याची सुरुवात 10 मीटरवर, .177 म्हणजे 4.5 मिलिमीटर बोअरच्या एअर रायफलने होते आणि होणाऱ्या बहुतेक चुका त्या रायफलीपेक्षा तिच्या भोवतीच्या सामानात होतात.

पहिली चूक म्हणजे घाई. रेंजवरची रायफल वापरून निदान एक हंगाम काढल्याशिवाय मुलाच्या खांद्याची उंची, मानेची लांबी आणि मुख्य म्हणजे त्याचा उत्साह किती टिकतो, यांपैकी काहीच कळत नाही. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांना मी रायफल सुचवतच नाही.

ज्या चुकीने सर्वांत जास्त पैसे बुडालेले मी पाहिले आहेत, ती मात्र जुन्या रायफलीच्या सिलिंडरची, म्हणजे छर्रा ढकलणारी दाबलेली हवा ज्यात भरतात त्या नळीखालच्या टाकीची आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी नववीतल्या मुलासाठी ओळखीतून वापरलेली जर्मन रायफल घेतली. "डोळे झाकून घ्या, खेळाडूच्या हातातली आहे," असे विकणाऱ्याने सांगितले होते, आणि रायफलीपुरते ते खोटे नव्हते: नळी स्वच्छ, ट्रिगर हलका आणि नेमका, दस्त्याचे सगळे स्क्रू जागेवर. मुलगा त्या रायफलीवर चांगला तयार झाला. पुढे स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहित्य तपासणीच्या टेबलावर एका पंचांनी नळीखालचे सिलिंडर हातात घेऊन फिरवले, कोरलेली तारीख चष्म्याखालून वाचली आणि ते बाजूला ठेवून दिले. एअर रायफलीच्या सिलिंडरला उत्पादकाने मुदत घालून दिलेली असते. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर यांसारख्या कंपन्यांच्या सिलिंडरना ती साधारणपणे उत्पादनापासून 10 वर्षांची असते, आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी खेळाडूची असते. ते सिलिंडर मुदत उलटून गेल्यावरही दर आठवड्याला भरले जात होते. शेजारच्या मुलाने आपले सिलिंडर देऊ केले, तर ते दुसऱ्या कंपनीचे निघाले आणि आटे जुळेनात. शेवटी मुलगा उसन्या रायफलीवर, स्वतःच्या मापाचा नसलेला दस्ता खांद्याला लावून उभा राहिला. व्हायचे तेच झाले. नवे सिलिंडर परदेशातून यायला पुढे महिने गेले आणि सौद्यात वाचलेली रक्कम त्यातच संपली.

म्हणून वापरलेली रायफल पाहायला कोणी नेले, तर मी नळीकडे नंतर वळतो. आधी सिलिंडर काढून मोबाइलच्या उजेडात त्यावरचा महिना आणि वर्ष वाचतो, औषधाच्या बाटलीवर वाचावे तसे. तारीख पुसट असेल, कोणी घासलेली दिसली किंवा दोन-तीन वर्षांचीच मुदत उरली असेल, तर सिलिंडर नाहीच असे धरून किंमत ठरवावी. "टेस्टिंग करून घेऊ, मग चालेल" असे म्हणणारे हटकून भेटतात. त्यांना उत्पादकाचे पत्रक दाखवावे आणि निघावे.

नागपुरात सिलिंडरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान सहज 60 अंशांवर जाते. 25 अंशांना 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरलेल्या सिलिंडरमधला दाब अशा गाडीत 220 बारच्या पुढे सरकतो. म्हणून उन्हाळ्यात मी 180 बारवर थांबतो आणि सिलिंडर डिकीत कधीच ठेवत नाही. दुसरी गोष्ट कूलरची. ज्या खोलीत वाळ्याचा कूलर घोंघावत असतो, त्याच खोलीत बसून हातपंपाने हवा भरणारे लोक मी पाहिले आहेत. ती दमट हवा दाबली गेली की तिच्यातले पाणी सिलिंडरमध्ये आणि रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागात) उतरते. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच, आणि पंप मारायचा तो कूलर नसलेल्या खोलीत, अधूनमधून थांबून, पंप थंड होऊ देत. भरण्याच्या जोडणीवर शिलाई मशीनचे तेल घालू नये. दाबाखाली खनिज तेल पेट घेऊ शकते.

माझ्या डोक्यात जाणारी आणखी एक चूक छर्ऱ्यांची. कित्येक हजारांची किंवा लाखांची रायफल घेणारा माणूस छर्रे मात्र दुकानात जे स्वस्त मिळतील ते उचलतो, आणि तेही बहुधा टोकदार, कारण टोकदार छर्रा अधिक 'पॉवरफुल' दिसतो. 10 मीटरच्या कार्डावर, म्हणजे नेम धरायच्या कागदी लक्ष्यावर, शक्तीला काहीही किंमत नाही. रायफलीच्या कार्डावरचे दहाचे वर्तुळ अवघे 0.5 मिलिमीटरचे, म्हणजे पेनाच्या ठिपक्याएवढे असते, आणि गुण मोजायचे ते छर्ऱ्याने पाडलेल्या भोकाच्या कडेवरून. सपाट तोंडाचा मॅच छर्रा कागद पंचिंग मशीनसारखा गोल कापतो. टोकदार छर्रा तो फाडतो, कडा आत वळतात आणि पंच भिंग लावूनही वैतागतो. सपाट छर्ऱ्यांतही तोंडाचा व्यास 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असा वेगवेगळा मिळतो आणि कोणत्या नळीला कोणता मानवतो, हे डबीवर लिहिलेले नसते. माझी पद्धत साधी आहे: रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, एकेका डबीतले दहा-दहा छर्रे एकाच बिंदूवर मारायचे, आणि ज्याचे दहाही मिळून एका छर्ऱ्याच्या भोकाहून किंचितच मोठे भोक पाडतील, त्याच लॉट क्रमांकाच्या जेवढ्या परवडतील तेवढ्या डब्या घ्यायच्या. पुढच्या वर्षी त्याच नावाची पण दुसऱ्या लॉटची डबी आणली, तर परीक्षा पुन्हा. डबी पडली की वरवर चांगल्या दिसणाऱ्या छर्ऱ्यांचाही मागचा पातळ घेर दबलेला असतो. एकेक छर्रा उजेडाकडे धरून घेर गोल आहे का ते पाहण्याचा कंटाळा येत असेल, तर ती डबी सरावाला लावावी.

याच संदर्भात, अमेरिकन व्हिडिओ पाहून घरी काडतुसे भरण्याचा प्रेस, डाय (साचा) आणि बंदुकीची दारू तोलण्याचा काटा कुठे मिळेल, असेही मला अधूनमधून विचारले जाते. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. तो विषय तेथेच संपवावा. अचूकतेची हौस असेल, तर वरची छर्ऱ्यांची परीक्षा मन लावून करावी. ती करायला फारसे कोणी तयार होत नाही, ही गोष्ट वेगळी.

नेमबाजीचे जाड जॅकेट मुलाच्या वाढत्या अंगाचे म्हणून ढगळ शिवणारे आणि अंगाला आवळून घेणारे, दोघेही चुकतात. ढगळ जॅकेट पाठीला आधार देत नाही. आवळलेले जॅकेट तपासणीत अडकते, कारण हात खाली सोडून उभे असताना नेहमीच्या बटणाच्या जागेपलीकडे ते किमान 70 मिलिमीटर ओढता यावे, असा नियम आहे. कापडाच्या एका पदराची जाडी 2.5 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. माप डिसेंबरात जाड स्वेटर घालून देऊ नये आणि मेमध्ये नुसत्या बनियनवरही देऊ नये. स्पर्धेत आत जे घालणार तेच घालून द्यावे. पैसे मोजकेच असतील, तर मी जॅकेट आणि बूट आधी घ्यायला सांगतो आणि रायफल रेंजचीच वापरू देतो. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, कारण जॅकेटचा फोटो रायफलीसारखा मिरवता येत नाही.

दुर्बीण लावलेली रायफल घेऊ नये. 10 मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही. ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून नेम) यांच्या स्पर्धा आपल्याकडे वेगळ्या असतात, तेव्हा कोणत्या प्रकारात उतरायचे ते आधी ठरवावे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमची अट आहे, म्हणून 'मख्खन ट्रिगर' अशी जाहिरात असलेले जुने पिस्तूल वजन लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. स्प्रिंगची रायफल छर्रा न घालता चालवू नये, कारण अडवायला काही नसल्यामुळे पिस्टन पुढच्या टोकावर आदळतो. कोरडा, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबण्याचा सराव करायचा असेल, तर ती सोय मुद्दाम दिलेली रायफल घ्यावी. नेम न धरणारा डोळा मिटून घेण्याची सवय लावू नये, त्याच्यापुढे पांढरी पट्टी लावावी.

घरी सराव करणाऱ्यांनी गच्चीचा मोह सोडावा. लांब बोळ किंवा बंद हॉल, कार्डाचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर, मागे खाली झुकलेल्या जाड पोलादी पत्र्याची पेटी आणि त्या बाजूला एकही दार उघडत नाही याची खात्री, एवढे जमत नसेल तर घरी गोळी मारू नये, नुसता पवित्रा धरून उभे राहावे. त्यानेही पुष्कळ सुधारणा होते. पेटीत साचलेला शिशाचा चुरा केरसुणीने झाडला की हवेत उडतो, म्हणून तो ओल्या कापडाने टिपून घ्यावा. आणि सकाळचा सराव संपला की मुले त्याच हातांनी थेट तर्री पोह्यांच्या गाडीवर जातात, ती सवय पालकांनी मोडावी: आधी साबणाने मनगटापर्यंत हात, मग पोहे.