मालिका ‘हिट’ की ‘फ्लॉप’? निकाल देण्याआधी या चुका टाळा

नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘१८९९’ ही मालिका आली, कितीतरी देशांच्या टॉप टेनमध्ये झळकली, आणि नवं वर्ष उजाडताच बातमी आली की दुसरा सीझन होणार नाही. चाहते चक्रावले. यादीत वर होती ना, मग गुंडाळली कशी?

असे प्रश्न पडतात, कारण स्ट्रीमिंगवरच्या मालिकेचं यश आपण सिनेमाच्या किंवा जुन्या टीव्हीच्या हिशोबाने मोजायला जातो. सिनेमाचं तिकीट विकलं जातं, टीव्हीवर रेटिंग वाढलं की जाहिरातीचा दर वाढतो. इथे प्रेक्षकाने महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात. जाहिरातींचे स्वस्त प्लॅन आता आले असले, तरी प्लॅटफॉर्मचा मुख्य सवाल बदललेला नाही: या मालिकेमुळे नवे लोक आले का, जुने टिकले का, आणि त्यासाठी किती खर्च पडला? याचं नेमकं उत्तर कंपनीकडेच असतं. बाहेर येतात ते अर्धवट आकडे, आणि ते वाचताना त्याच त्या चुका होत राहतात. खाली नेटफ्लिक्सची उदाहरणं जास्त दिसतील, कारण आकडे जाहीर करण्यात सगळ्यांत कमी कंजूस तेच.

क्रमांक म्हणजे आकडा नव्हे

‘नंबर वन’ म्हणजे त्या आठवड्यात बाकीच्यांपेक्षा पुढे, एवढंच. स्पर्धेला कोणी तगडं नसेल तर मध्यम प्रतिसादाची मालिकाही पहिली येते, आणि मोठ्या रिलीजच्या आठवड्यात चांगली मालिका चौथ्यावर अडकते. शिवाय ॲपमध्ये दिसणारी यादी त्या त्या देशाची असते. तिचा स्क्रीनशॉट टाकून ‘जगात पहिली’ म्हणणारे बरेच भेटतात.

आठवडा कुठे सुरू होतो हेही बघा. नेटफ्लिक्सची यादी सोमवार ते रविवार धरते. ‘स्क्विड गेम’ १७ सप्टेंबर २०२१ ला, म्हणजे शुक्रवारी आली, त्यामुळे तिच्या ‘पहिल्या आठवड्यात’ जेमतेम तीन दिवस होते. त्यात साधारण ६ कोटी ३१ लाख तास पाहिले गेले, पुढच्या आठवड्यात ४४ कोटी ८७ लाख आणि तिसऱ्यात ५७ कोटींच्या वर. नुसता पहिला आकडा उचलून सोमवारी किंवा मंगळवारी आलेल्या मालिकेशी तुलना केली असती, तर नेटफ्लिक्सच्या सगळ्यांत मोठ्या मालिकेला आपण ‘बरी सुरुवात’ म्हणून मोकळे झालो असतो.

तास, मिनिटं, व्ह्यूज आणि घरं यांची खिचडी

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो इथे.

पूर्वी नेटफ्लिक्स एखाद्या भागाचा किंवा चित्रपटाचा ७० टक्के भाग पाहिला तरच ‘पाहिलं’ असं धरायचं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी सांगितलं की यापुढे किमान २ मिनिटं पाहिली तरी पुरे. ‘द विचर’ पहिल्या चार आठवड्यांत ७ कोटी ६० लाख घरांनी ‘निवडली’ ही गाजलेली घोषणा याच मोजपट्टीवरची. नवा आकडा जुन्यापेक्षा सरासरी ३५ टक्क्यांनी फुगतो, हे कंपनीनेच मान्य केलं होतं. दोन मिनिटांत तर कित्येकदा शीर्षकगीतही संपत नाही! २०२१ च्या नोव्हेंबरपासून घरं सोडून ‘पाहिलेले तास’ जाहीर होऊ लागले, आणि जून २०२३ पासून ‘व्ह्यूज’. म्हणजे २०१९, २०२० आणि २०२४ चे तीन आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी दिसले, तर तो तक्ता तिथेच सोडून द्या.

तास आणि व्ह्यूज यांत फरक किती पडतो, ते गणित करूनच पाहू. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन ९ भागांचा, पण एकूण लांबी १३ तासांच्या वर. ‘वेन्सडे’चा पहिला सीझन ८ भागांचा, लांबी ७ तासांपेक्षा थोडी कमी. पहिल्या ९१ दिवसांत ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ साधारण १८४ कोटी तास पाहिली गेली, ‘वेन्सडे’ साधारण १७२ कोटी. तासांच्या हिशोबात पहिली पुढे. आता या तासांना सीझनच्या लांबीने भागा, कारण व्ह्यूजची व्याख्याच ती आहे. ‘वेन्सडे’चे होतात २५ कोटी २१ लाख, ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चे १४ कोटी ७ लाख. त्याच दोन मालिका, तेच ९१ दिवस, आणि निकाल पार उलटा. लांबलचक मालिकेला तासांचा आयता फायदा मिळतो, म्हणून तासांचा आकडा दिसला की आधी एकूण लांबी शोधायची.

व्ह्यूज म्हणजे माणसं, हाही गैरसमज. दोघांनी अर्धी अर्धी मालिका पाहिली तर एक व्ह्यू होतो. एकानेच दोनदा पूर्ण पाहिली तर दोन. त्यामुळे ‘२५ कोटी लोकांनी पाहिली’ हे वाक्य चुकीचंच.

मिनिटांचा आकडा तर याहून फसवा, कारण तो ऐकूनच छाती दडपते. अमेरिकेत प्रेक्षकांचं पाहणं मोजणारी नील्सन ही कंपनी मिनिटं मोजते. तिच्या हिशोबाने २०२३ मध्ये ‘सूट्स’ ५,७७० कोटी मिनिटं पाहिली गेली, तोवरचा वार्षिक विक्रम. पण ‘सूट्स’चे नऊ सीझन मिळून १३४ भाग आहेत, प्रत्येक साधारण पाऊण तासाचा. अख्खी मालिका पाहायला सहा हजारांच्या आसपास मिनिटं लागतात. भागाकार केला की वर्षभरात सुमारे १ कोटी पूर्ण पारायणांएवढं पाहणं उरतं. ही कामगिरी लहान नाही, विशेषतः २०१९ मध्येच संपलेल्या मालिकेसाठी. मात्र आठ भागांच्या नव्या मालिकेला याच फूटपट्टीने ‘पडली’ म्हणणं हा अन्याय.

दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर

घाबरू नका, कोणी खोटं बोलतंय असंही लगेच समजू नका. आधी तीन गोष्टी तपासा: प्रदेश, पडदा आणि कालावधी. नील्सनची साप्ताहिक यादी फक्त अमेरिकेची असते आणि टीव्हीच्या पडद्यावरचंच पाहणं धरते, मोबाइल-लॅपटॉप त्यात नाहीत. नेटफ्लिक्सचा आकडा जगाचा आणि सगळ्या उपकरणांचा. नील्सन अनेकदा मालिकेचे सगळे सीझन एकत्र मोजते, नेटफ्लिक्स प्रत्येक सीझनची वेगळी नोंद करतं. एवढं पाहिलं की बहुतेक तफावती आपोआप सुटतात.

सुरू करणारे आणि संपवणारे यांत फरक न करणं

माझ्या मते मालिकेबद्दल खरं सांगणारा आकडा हाच, आणि नेमका तोच क्वचित बाहेर येतो. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला कळवलं होतं की निर्मात्यांना ते तीन संख्या दाखवतात: किती घरांनी सुरुवात केली, किती घरांनी एखाद्या भागाचा ७० टक्के भाग पाहिला, आणि किती घरांनी सीझनचा ९० टक्के भाग संपवला. पहिल्या ७ दिवसांसाठी आणि पहिल्या २८ दिवसांसाठी. आतल्या लोकांची नजर तिसऱ्या संख्येवर असते, आपण भांडत बसतो पहिलीवर.

‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ हे याचं ठळक उदाहरण. पहिल्याच दिवशी अडीच कोटी प्रेक्षक, असं ॲमेझॉनने जाहीर केलं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये ‘हॉलिवूड रिपोर्टर’ने बातमी दिली की अमेरिकेत पहिला सीझन सुरू करणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांनीच तो संपवला, बाहेरच्या देशांत ४५ टक्क्यांनी. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. जाहिरात आणि उत्सुकता लोकांना दारापर्यंत आणते, पुढे बसवून ठेवणं हे मालिकेचं काम.

पूर्णत्वाचा आकडा हाती नसेल तर एक कामचलाऊ उपाय आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात व्ह्यूज किती घसरतात ते बघा. पहिल्या आठवड्यानंतर धाडकन निम्म्याच्याही खाली आणि चौथ्यात यादीबाहेर, असं झालं तर लोकांनी ती मध्येच सोडली किंवा शेजाऱ्याला सांगितली नाही, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच तो.

पहिल्या वीकेंडलाच शिक्का मारणं

‘बेबी रेनडियर’ एप्रिल २०२४ मध्ये आली तेव्हा पहिल्या आठवड्यात २६ लाख व्ह्यूज होते. दुसऱ्यात १ कोटी ३३ लाख, तिसऱ्यात २ कोटी २० लाख. मोठे तारे नाहीत, गाजावाजा नाही, सगळा तोंडी प्रचार. ‘मनी हाइस्ट’ची गोष्ट तर याहून मजेची. २०१७ मध्ये स्पेनच्या आन्तेना ३ वाहिनीवर ती ४० लाखांहून अधिक प्रेक्षक घेऊन सुरू झाली आणि संपेपर्यंत निम्म्याहून जास्त गळाले. वाहिनीच्या लेखी विषय संपला होता. नंतर नेटफ्लिक्सने ती घेतली, भाग छोटे करून पुन्हा बांधले, आणि तीच मालिका जगभर लाल कपडे आणि मुखवटे घेऊन फिरली.

दर आठवड्याला एक भाग देणाऱ्या मालिकांबाबत तर घाई आणखी चुकीची. सगळे भाग एकदम आलेल्या मालिकेचं पाहणं पहिल्या दहा दिवसांत गोळा होतं, हप्त्याहप्त्याने येणारीचं दोन-दोन महिने पसरतं. नेटफ्लिक्सने सर्वाधिक लोकप्रिय मालिकांच्या यादीची मुदत २८ वरून ९१ दिवसांवर नेली, ते उगाच नाही.

खर्च विसरणं

ब्लूमबर्गच्या हाती लागलेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार ‘स्क्विड गेम’च्या पहिल्या सीझनचा खर्च २ कोटी १४ लाख डॉलर होता, आणि कंपनीने तिचं मूल्य साधारण ८९ कोटी डॉलर धरलं होतं. तेवढेच प्रेक्षक दहापट खर्चाच्या मालिकेला मिळाले असते, तर आत वेगळीच बैठक झाली असती. त्यात सीझन वाढले की कलाकार-लेखकांचं मानधनही चढतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला प्रेक्षक तेवढेच राहिले तरी हिशोब बिघडतो. ‘१८९९’सारख्या भव्य, महागड्या दृश्यांच्या मालिकांचा बळी बहुधा इथेच जातो, टॉप टेनमध्ये असूनसुद्धा.

छेद, म्हणजे ‘कितीपैकी?’, न विचारणं

२०२३ च्या पहिल्या सहामाहीत नेटफ्लिक्सवर सगळ्यांत जास्त पाहिला गेला ‘द नाइट एजंट’चा पहिला सीझन: ८१ कोटी २१ लाख तास. प्रचंड वाटतं ना? त्याच अहवालात १८ हजारांहून अधिक शीर्षकं आणि मिळून सुमारे १० हजार कोटी तास होते. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा वाटा एक टक्काही नाही.

अमेरिकी लेखकसंघाने १४८ दिवसांच्या संपानंतर २०२३ मध्ये जो करार केला, त्यात यशाची व्याख्या छेदासकट आली. पहिल्या ९० दिवसांत देशांतर्गत पाहिलेले तास भागिले लांबी, आणि हे उत्तर प्लॅटफॉर्मच्या देशांतर्गत सबस्क्राइबर्सच्या २० टक्के किंवा जास्त असेल, तर मोठ्या बजेटच्या मालिकेच्या लेखकांना बोनस. पैशाचा प्रश्न आला की माणसं व्याख्या किती नेटकी करतात बघा! लहान प्लॅटफॉर्मवरची मालिका नेटफ्लिक्सशी तोलताना हीच रीत वापरा: प्रेक्षक किती, याऐवजी त्या प्लॅटफॉर्मच्या दर शंभर सबस्क्राइबर्सपैकी किती. एक अडचण मात्र आहे. २०२५ पासून नेटफ्लिक्सने दर तिमाहीला सबस्क्राइबर्सची संख्या सांगणं बंद केलं. २०२४ अखेरची ३० कोटींहून थोडी जास्त, हा हाताशी असलेला शेवटचा नियमित आकडा.

रेटिंग आणि कल्लोळ

थोडक्यात आटपतो. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवरचे ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या ९५ समीक्षकांना मालिका किमान बरी वाटली. ९५ गुण मिळाले असा त्याचा अर्थ नाही. लोकांच्या रेटिंगमध्ये मालिका न पाहताच एक-एक तारा देणाऱ्या झुंडी असतात. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’च्या वेळी ॲमेझॉनने प्रेक्षकांचे अभिप्राय ७२ तास रोखून धरले होते ते त्यामुळेच. मीम्स आणि ट्रेंडिंगचं तर विचारूच नका, टिंगल करणारेही तिथे मोजले जातात.

पुढचा सीझन आला म्हणजे जिंकली, बंद झाली म्हणजे हरली?

‘हाउस ऑफ कार्ड्स’चे दोन सीझन, २६ भाग, एकही भाग चित्रित होण्याआधी मागवले गेले होते. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’चा दुसरा सीझनही २०१९ मध्येच, पहिला दिसण्याच्या तीन वर्षं आधी मंजूर झाला. मग ‘दुसरा सीझन आला, म्हणजे पहिला चालला’ हा तर्क टिकत नाही. उलट बाजूने, ‘डार्क’ तीन सीझननंतर थांबली कारण कथाच तेवढी होती. बातमी वाचताना ‘रद्द’ आणि ‘अखेरचा सीझन’ हे वेगळं ठेवा, आणि मंजुरीची तारीख रिलीजच्या आधीची की नंतरची ते पाहा.

मालिका प्लॅटफॉर्मवरून गायब झाली तरी लगेच ‘फ्लॉप होती म्हणून काढली’ असं लिहू नका. ‘वेस्टवर्ल्ड’ चार सीझन चालली, तिला एमी पुरस्कार मिळाले, तरी डिसेंबर २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने ती उतरवायचं ठरवलं. कंपनी तेव्हा खर्च कापत होती, आणि पुढच्याच वर्षी तीच मालिका जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत सेवांवर दाखल झाली.