ट्रान्सफर पोर्टचा व्यास : एअर रायफलच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एअर रायफलच्या दुरुस्तीचे काम शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक नवखा कारागीर लवकरच एक प्रश्न विचारतो : ट्रान्सफर पोर्ट मोठा केला, तर रायफलची ताकद वाढेल का? काही मर्यादेपर्यंत वाढते. ती मर्यादा कोठे येते आणि तिच्यापुढे हवा कशी वाया जाते, हे समजून घेण्यात या कामाचा मोठा भाग आहे. नेमबाजी क्लबांच्या रायफलींची देखभाल करताना मला जे उमगत गेले, ते येथे मांडतो.

व्हॉल्व्हमधून किंवा कॉम्प्रेशन सिलिंडरमधून हवा ज्या लहानशा छिद्रातून छर्ऱ्याच्या पाठीमागे येते, ते छिद्र म्हणजे ट्रान्सफर पोर्ट. त्याचा विचार करताना व्यासापेक्षा क्षेत्रफळ डोळ्यांसमोर ठेवावे. ३ मिलिमीटरचा पोर्ट ३.२ मिलिमीटर केला, तर व्यास सात टक्क्यांहून कमीच वाढतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ १४ टक्क्यांनी वाढते. ४.५ मिलिमीटरच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे १५.९ चौरस मिलिमीटर असते आणि ३ मिलिमीटरच्या पोर्टचे सुमारे ७.१, म्हणजे नळीच्या निम्म्याहूनही कमी.

आधी भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, म्हणजे पीसीपी रायफलीपासून अभ्यास सुरू करावा, कारण तिच्यात एकेक घटक वेगळा करून तपासता येतो. पोर्टच्या पुढचा दाब मागच्या दाबाच्या सुमारे ५३ टक्क्यांखाली गेला, की छिद्रातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो आणि त्यानंतर पुढचा दाब कितीही उतरला तरी प्रवाह वाढत नाही. अशा वेळी किती हवा पुढे जाईल, हे पोर्टचे क्षेत्रफळ आणि मागचा दाब हे दोघेच मुख्यतः ठरवतात. १० मीटर स्पर्धेच्या रायफलीचे उदाहरण घ्या. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे ७.७ ज्यूल होते. नळी ४२० मिलिमीटर लांब धरली आणि घर्षण सोडून दिले, तर एवढ्या ऊर्जेसाठी नळीतील सरासरी दाब वातावरणापेक्षा ११ ते १२ बार जास्त असला तरी पुरतो. रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधील दाब ठरावीक पातळीवर उतरवणाऱ्या भागाच्या, पुढचा दाब याच्या कित्येक पट असतो. हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः कागदावर करून पाहावा. त्यावरून कळते, की अशा रायफलीत ताकदीचा तुटवडा नसतो. तेथे पोर्ट आणि व्हॉल्व्ह यांचे काम हवा मोजून देण्याचे आहे.

कार्यक्षमतेचा हिशेबही सोपा आहे. समजा, सिलिंडर २०० मिलिलिटरचा आहे आणि १०० छर्रे झाडेपर्यंत दाब २०० बारवरून १४० बारवर उतरला. म्हणजे ०.२ लिटर गुणिले ६० बार, अशी १२ बार-लिटर हवा खर्च झाली. प्रत्येक छर्ऱ्याची ऊर्जा ७.७ ज्यूल असेल, तर एका बार-लिटरमागे सुमारे ६४ ज्यूल मिळाले. ताकद किती, हे छर्ऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ सांगतो. पण त्या ताकदीची किंमत किती, हे केवळ हा आकडा सांगतो, आणि माझ्या मते नवखे लोक नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात.

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी रायफलीचा मूळ पोर्ट कोरू नये, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही. ज्या रायफलीत पोर्टचा बुश (पोर्टचे छिद्र असलेला, काढता येणारा छोटा तुकडा) बदलता येतो, तिच्यासाठी पितळेचे बुश लेथवर तयार करावेत : २.४ मिलिमीटरपासून ३.६ मिलिमीटरपर्यंत, ०.२ मिलिमीटरच्या फरकाने. छिद्र आधी थोडे लहान पाडून रीमरने अचूक करावे आणि व्हर्नियरवर विसंबून न राहता पिन गेजने, म्हणजे अचूक व्यासाच्या पिना आत घालून, तपासावे. दोन्ही तोंडांची कड भिंगाखाली पाहावी, कारण तेथे केसाएवढी बर (धातूचा बारीक कंगोरा) राहिली तरी प्रवाह बदलतो आणि ती सुटून छर्ऱ्याबरोबर नळीत गेली तर नळीला ओरखडा पडतो. बुश बदलण्यापूर्वी सिलिंडर काढून आतला दाब पूर्ण सोडून द्यावा. यात कधीही सवलत घेऊ नये.

प्रत्येक बुशावर त्याच डबीतील छर्ऱ्यांची मालिका झाडून वेग आणि दाबातील उतार नोंदवला, की आलेखावर दोन रेषा उमटतात. लहान बुशांवर वेग दर पायरीला चांगला चढतो, पुढे ती रेषा आडवी होत जाते आणि हवेच्या खर्चाची रेषा मात्र चढतच राहते. पोर्ट नळीच्या व्यासाच्या ७० ते ७५ टक्के ठेवावा, असा कारागिरांचा अंदाज असतो. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, पण नळीची लांबी, छर्ऱ्याचे वजन आणि व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ यांनुसार वेगाची रेषा आडवी होण्याची जागा सरकते. त्या जागेपुढची जास्तीची हवा छर्रा नळीच्या तोंडाशी पोहोचत असताना येते, त्याला फारसे ढकलत नाही आणि मोठा आवाज करून निघून जाते. शिवाय पोर्ट बदलला की व्हॉल्व्ह मिटण्याची वेळही बदलते. म्हणून प्रत्येक बुशासाठी हॅमर स्प्रिंग (व्हॉल्व्ह ठोकून उघडणाऱ्या हातोडीची स्प्रिंग) पुन्हा जुळवल्याशिवाय तुलना न्याय्य ठरत नाही.

स्प्रिंगच्या रायफलीत, म्हणजे जिच्यात स्प्रिंग दट्ट्या ढकलून हवा दाबते तिच्यात, गणित वेगळे आहे, कारण तेथे हवेचा साठा ठरावीक असतो आणि पोर्ट दट्ट्यालाही आवरतो. सुमारे ३ मिलिमीटरचा पोर्ट तेथे सर्रास आढळतो. तो फार लहान असेल, तर हवा वेळेत निसटत नाही, दट्ट्या शेवटच्या टप्प्यात मागे उसळतो आणि ऊर्जा वाया जाते. फार मोठा असेल, तर दट्ट्यापुढची हवेची गादी विरते आणि तो सिलिंडरच्या तोंडावर आदळून सील खराब करतो. पोर्टची लांबीही महत्त्वाची, कारण त्यात अडकलेली हवा छर्ऱ्याला पुरेसे काम देत नाही.

आपल्या देशात शस्त्र नियम, २०१६ नुसार विनापरवाना एअर रायफलीसाठी ४.५ मिलिमीटर नळी आणि २० ज्यूल ऊर्जा ही मर्यादा आहे. म्हणून पोर्टला हात लावण्यापूर्वी आणि नंतर ऊर्जा मोजून लेखी नोंद ठेवणे, हा कामाचाच भाग मानावा. स्पर्धेच्या रायफलीत तर वेगातील सातत्य ताकदीहून मोलाचे असते. १० मीटरवरील दहाच्या खुणेचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ऊष्मागतिकी आणि संपीड्य प्रवाह ही प्रकरणे काढून ठेवावीत. आयटीआयच्या फिटर किंवा टर्नरला हाताची अचूकता आधीच असते, त्याने हे हिशेब शिकून घ्यावेत. बुशांची मालिका पूर्ण झाल्यावर मी पुढचे काम देतो ते असे : रेग्युलेटरचा दाब थोडा उतरवायचा, पोर्ट एक पायरी मोठा घ्यायचा आणि हॅमर स्प्रिंग जुळवून तेच ७.७ ज्यूल पुन्हा मिळवायचे. छिद्रात दाब फुकट उतरण्याचे प्रमाण घटल्यामुळे बहुधा एका बार-लिटरमागे जास्त ज्यूल मिळतात. मात्र वेगातील चढउतार वाढला का, हे लांब मालिकेवर तपासूनच ती जुळणी ठेवायची की नाही ते ठरवावे लागते.