सावलीतल्या बॅकयार्डात दोन रंगांचे होस्टा कसे वाढवायचे

इथे न्यू जर्सीत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरामागे मोठमोठे ओक नाहीतर मेपल असतात, त्यांच्याखाली गवत धड येत नाही, गुलाब येत नाही, मिरची-टोमॅटोचं तर नावच नको, मग तो कोपरा तसाच पडून राहतो नाहीतर त्यावर दरवर्षी मल्चच्या गोण्या ओतल्या जातात. तिथे होस्टा लावा, म्हणजे सावलीत वाढणारं, रुंद पानांचं शोभेचं झाड. आणि लावायचेच तर पांढऱ्या किंवा पिवळ्या काठाचे, म्हणजे व्हेरिगेटेड लावा, कारण दाट सावलीत नुसतं हिरवं पान लांबून दिसतच नाही, पांढऱ्या काठाचं पान मात्र संध्याकाळी दिवेलागणीलाही उठून दिसतं. मूळचं हे झाड जपान, कोरिया, चीनकडचं, आणि कुळाने आपल्या निशिगंधाचं जवळचं नातेवाईक. फुलाचा दांडा आला की ते लगेच पटतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यावरून आपोआप कळत जातं. पानाचा जो भाग पांढरा असतो तिथे हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही, शेजारचा हिरवा भाग त्याला पोसतो. जितका पांढरा जास्त तितकं झाड हळू वाढणार, उन्हाने लवकर करपणार आणि मुळं कमी धरणार. म्हणून नर्सरीत सगळ्यात पांढरंशुभ्र दिसतंय ते उचलायचा मोह आवरा.

पहिल्यांदाच लावत असाल तर पांढरा रंग काठाला असलेली जात घ्या. पॅट्रियट किंवा फ्रान्सी, दोन्हीत मध्ये गडद हिरवं आणि कडेला पांढरी किनार, मधला भाग मोठा असल्याने झाड दणकट होतं. पॅट्रियट तर १९९७ साली 'होस्टा ऑफ द इयर' होती आणि आजही जवळजवळ प्रत्येक नर्सरीत मिळते. उलट फायर अँड आइसमध्ये पांढरं मध्ये आणि हिरवं कडेला, दिसतं अप्रतिम पण वाढायला वेळ घेतं. जून नावाची जात माझी फार आवडती, कडेला निळसर हिरवं आणि मध्ये पिवळं, सकाळचं ऊन मिळालं तर मधला भाग छान उजळतो, सावलीत राहिली तर पोपटी होते, म्हणजे एकच झाड दोन कोपऱ्यांत दोन तऱ्हेचं दिसतं. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स मात्र फोटो बघून लगेच घेऊ नका, ती भल्याभल्यांना दमवते. आणि वास हवा असेल तर ग्वाकामोले किंवा स्टेन्ड ग्लास घ्या, दोघींची फुलं खरंच सुवासिक असतात आणि बाकीच्यांपेक्षा ऊनही जास्त सोसतात.

घेताना पान हातात धरून उजेडाकडे करून बघा, हे मी मुद्दाम सांगतेय. होस्टा व्हायरस एक्स म्हणून एक रोग आहे, १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात तो ओळखला गेला, आणि त्याची गंमत अशी की तो पानावर नक्षी काढतो, त्यामुळे सुरुवातीला लोकांनी रोगट झाडंच नवीन जाती म्हणून नावं देऊन विकली. खऱ्या व्हेरिगेशनमध्ये रंगाची हद्द स्वच्छ असते, हिरवं कुठे संपतं पांढरं कुठे सुरू होतं ते दिसतं. रोगट पानात शिरांच्या बाजूने शाई फुटल्यासारखा गडद रंग पसरलेला असतो, मधेमधे ठिपके, आणि तेवढा भाग बाकीच्या पानापेक्षा जाडसर किंवा सुरकुतलेला लागतो. असं दिसलं तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. ह्यावर औषध नाही, झाडाच्या रसातून कात्री-खुरप्याला लागून तो पुढच्या झाडात जातो. घरच्या झाडात दिसला तर मुळांसकट उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

जागा ठरवायची ती जूनमध्ये बघून. एप्रिलमध्ये झाडांना पानं नसतात, सगळीकडे ऊनच ऊन दिसतं, आणि खरी सावली कुठे पडते ते तेव्हा कळत नाही. सकाळचं दोन-तीन तास ऊन उत्तम, दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन अजिबात नको, पांढरा काठ आधी कागदासारखा पातळ होतो आणि मग तपकिरी. होस्टा सावलीत वाढतो म्हणजे त्याला अंधार आवडतो असं नाही, डेकच्या खाली वगैरे ठेवलात तर जगेल पण फुगणार नाही.

झाडाखाली खणताना खड्डा खोल नको, रुंद हवा, कारण ह्याची मुळं आडवी पसरतात. कुंडीतून काढल्यावर गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा, कंपोस्ट भरपूर मिसळा, आणि गड्डा कुंडीत जेवढा खोल होता तेवढाच ठेवा, मानेवर माती चढवली की कुजतो. झाडाची अंगठ्याहून जाड मुळं लागली तर तोडू नका, खड्डा बाजूला सरकवा. ओकखाली काम सोपं असतं, मेपलखाली कठीण, कारण मेपलची मुळं अगदी वर असतात आणि चांगली माती दिसली की वर्षभरात त्यात घुसतात. तिथे सरळ मोठ्या कुंडीत लावून कुंडी झाडाखाली ठेवा. ब्लॅक वॉलनट, म्हणजे काळ्या अक्रोडाच्या झाडाखाली बऱ्याच भाज्या मरतात पण होस्टाला त्याचा त्रास होत नाही.

पाणी आठवड्याला साधारण एक इंच. पाऊस पडला तरी बोट घालून माती बघा कारण दाट पानांमुळे झाडाखाली पाऊस पोचतच नाही बऱ्याचदा. पाणी सकाळी आणि बुडाशी द्या, संध्याकाळी पानं ओली ठेवली की स्लग, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगाई, जमल्याच. खत वसंतात एकदा, हळू सुटणारं, जुलैनंतर बंद. पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन घाला पण दांड्यांना चिकटवून नको.

आता व्हेरिगेटेडचं खास काम. कधीकधी गड्ड्यातून एखादा कोंब पूर्ण हिरवा येतो, काठ नाही काही नाही. सुरुवातीला वाटतं असू दे एकच तर आहे. पण त्याच्याकडे हरितद्रव्य जास्त म्हणून तो इतरांपेक्षा जोरात वाढतो, आणि काही वर्षांत अख्खा गड्डा हिरवा होऊन बसतो. नुसती पानं कापून भागत नाही, तो परत तसाच येतो. बाजूची माती काढा, तो कोंब गड्ड्याला कुठे जोडलाय ते बोटाने शोधा आणि धारदार सुरीने मुळासकट वेगळा करा. तो हिरवा तुकडा दुसरीकडे लावलात तरी छान वाढतो, टाकायची गरज नाही.

काठाला चीर गेली तर रोग समजू नका. मधला हिरवा भाग भराभर वाढतो, पांढरा काठ मागे राहतो, मग पान वाटीसारखं आत वळतं आणि काठ ताणून फाटतो. तो जातीचा स्वभाव आहे. तसंच फ्रान्सिस विल्यम्स ह्या जुन्या प्रसिद्ध जातीचा पिवळा काठ वसंतातच तपकिरी पडतो, तिला ऊन जितकं कमी तितकं बरं.

हरणं हा इथला खरा प्रश्न. इथल्या रटगर्स विद्यापीठाची हरणांच्या त्रासाची यादी आहे, त्यात होस्टा अगदी शेवटच्या, वारंवार आणि भरपूर खाल्ल्या जाणाऱ्या गटात आहे, म्हणजे कुंपण नसेल तर एका रात्रीत नुसते दांडे उरतात. अंड्याच्या वासाचे स्प्रे मिळतात ते उपयोगी आहेत, पण कोंब वर आल्याबरोबर सुरू करायचे आणि जोराचा पाऊस झाला की परत मारायचे, एकदा मारून विसरलं की संपलं. स्लगसाठी आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या कोंब येतानाच टाका, भोकं दिसल्यावर उशीर झालेला असतो, कारण ते पान मग वर्षभर तसंच राहतं. घरात कुत्रा-मांजर असेल तर लक्ष ठेवा, होस्टाची पानं खाल्ली तर त्यांना उलट्या-जुलाब होतात. मध्ये मध्ये डॅफोडिल लावा, ते हरणं खात नाहीत, होस्टाच्या आधी फुलतात आणि त्यांची पिवळी पडणारी पानं नंतर होस्टाखाली झाकली जातात.

गड्डा फोडायची घाई करू नका, चार-पाच वर्षं जागेवर राहिल्याशिवाय पान आपला खरा आकार आणि रंग दाखवत नाही. फोडायचाच तर वसंतात कोंब दोन-तीन इंच असताना, नाहीतर ऑगस्टअखेर, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात. प्रत्येक तुकड्याला निदान दोन-तीन डोळे ठेवा, आणि प्रत्येक झाडानंतर सुरी साबणाने धुऊन ब्लीचच्या पाण्यात बुडवा. वसंतात कोंब वर आल्यावर रात्री दहिवर गोठणार असं दिसलं तर बादली पालथी घाला.

नोव्हेंबरमध्ये पानं लोळागोळा होतात, ती उचलून टाका, त्यात स्लगची अंडी असतात. मग काहीच करायचं नाही. ही थंडीच ह्या झाडाला हवी असते, काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय ते पुढच्या वर्षी नीट उठत नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या लोकांनी ऑनलाइन होस्टाची रोपं किंवा बिया मागवू नका, थंडीच न मिळाल्याने झाड दरवर्षी बारीक होत जाऊन संपतं, आणि बियांतून काठाचे रंग जसेच्या तसे येतही नाहीत. तिकडच्या सावलीत व्हेरिगेटेड अल्पिनिया लावा, पिवळ्या पट्ट्यांची मोठी पानं येतात, कुंडीसाठी अ‍ॅग्लोनिमा, आणि पावसाळ्यात कॅलेडियम, त्याचे कंद हिवाळ्यात झोपतात तेव्हा पाणी बंद ठेवा.